पंचांगातला हर्षल आणि आकाशगंगेच्या गाभ्याजवळचे तारकागुच्छ

जबलपूर : मराठी पंचांग उघडणाऱ्याला हर्षल हे नाव अपरिचित नसते. युरेनस या ग्रहाला मराठीत रूढ झालेले हे नाव त्याच्या शोधकर्त्याचे, म्हणजे विल्यम हर्षल यांचे आहे. एका ग्रहाच्या शोधाने मिळालेल्या या कीर्तीमागे त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य मात्र काहीसे झाकले गेले. आपली आकाशगंगा कशी रचलेली आहे, या प्रश्नाचा त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे पाठपुरावा केला. त्यांनी काढलेला आकाशगंगेचा नकाशा पुढे चुकीचा ठरला. परंतु आकाश विंचरताना त्यांनी नोंदवलेले अंधूक तारकागुच्छ आणि प्रयोगशाळेत सापडलेले न दिसणारे किरण या दोन गोष्टींनीच पुढच्या पिढ्यांना आकाशगंगेच्या केंद्राकडे नेले.

हे केंद्र जबलपूरसारख्या मध्य भारतातील शहरातून इंग्लंडपेक्षा कितीतरी सोयीने न्याहाळता येते. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या या शहरातून धनू राशीतील केंद्राची दिशा क्षितिजापासून सुमारे ३८ अंश उंच येते. हर्षल यांच्या इंग्लंडमधील निवासस्थानाहून तीच दिशा जेमतेम साडेनऊ अंश वर येत असे. मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांमधला हा पट्टा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर नर्मदेकाठच्या काळोखात ठळक दिसतो. हर्षल यांना तो झाडांच्या शेंड्यांलगतच्या धुरकट हवेतून शोधावा लागला. त्यांच्या नोंदींचे मोल जाणण्यासाठी हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

लष्करी वाद्यवृंदातून वेधशाळेकडे

फ्रीडरिश विल्हेल्म हर्षल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोवर येथे झाला. वडील आयझॅक हे हॅनोवरच्या पलटणीच्या वाद्यवृंदात ओबो वाजवीत. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच वाद्यवृंदात दाखल झाले. १७५७ मध्ये हास्टेनबेकच्या लढाईत फ्रेंच सैन्याने हॅनोवरच्या बाजूचा पराभव केला. त्याच वर्षी या तरुणाने इंग्लंडची वाट धरली. तेथे संगीताच्या नकला करून, शिकवण्या घेऊन आणि वाद्यवृंदाचे संचालन करून त्यांनी उदरनिर्वाह केला. पुढे त्यांनी चोवीस सिंफनी रचल्या. १७६६ मध्ये बाथ या शहरातील ऑक्टॅगन चॅपेलमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या जीवनाला स्थैर्य आले.

१७७२ मध्ये त्यांनी धाकटी बहीण कॅरोलिन हिला हॅनोवरहून बाथला आणले. लहानपणी विषमज्वरासारख्या आजाराने तिची वाढ खुंटली होती आणि घरात तिच्याकडे मोलकरणीचे काम सोपवले गेले होते. बाथमध्ये ती गायन शिकली आणि मैफलींत गाऊ लागली. परंतु पुढच्याच वर्षी भावाला खगोलशास्त्राचा ध्यास लागला आणि दोघांच्याही आयुष्याची दिशा बदलली.

संगीताच्या गणितावरील एका ग्रंथाच्या वाचनातून त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाकडे हर्षल वळले. बाजारात मिळणाऱ्या दुर्बिणी त्यांना अपुऱ्या वाटल्या. म्हणून तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे ते स्वतः ओतू आणि घासू लागले. आरशावरून हात उचलला तर वक्रता बिघडेल, या भीतीने त्यांनी एकदा सलग सोळा तास घासणी केली आणि कॅरोलिनने त्यांना घास भरवले. १७८१ च्या ऑगस्टमध्ये छत्तीस इंच व्यासाचा आरसा ओतण्याचा प्रयत्न फसला. घोड्याची लीद कुटून केलेल्या साच्यातून वितळलेला धातू निसटला, तळघराच्या फरशीवर पसरला आणि तापलेल्या फरशा फुटून उडाल्या. उपस्थितांना जीव वाचवण्यासाठी बाहेर पळावे लागले.

एक ग्रह आणि राजाश्रय

या अपघाताच्या काही महिने आधी, १३ मार्च १७८१ रोजी, बाथमधील घराच्या मागच्या अंगणातून सव्वासहा इंचांच्या आरशाने हर्षल यांना एक अपरिचित बिंब दिसले होते. प्रथम तो धूमकेतू वाटला. नंतर तो शनीच्या पलीकडचा ग्रह असल्याचे सिद्ध झाले. प्राचीन काळापासून ठाऊक असलेल्या ग्रहांत पहिल्यांदाच भर पडली. योगायोग असा की, त्याच १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपुष्टात येऊन जबलपूरचा प्रदेश सागरच्या मराठी अंमलाखाली गेला. इकडे मध्य भारतात सत्तेच्या सीमा बदलत होत्या आणि तिकडे सूर्यमालेची सीमा दुपटीने रुंदावली होती.

या शोधाबद्दल हर्षल यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक आणि सभासदत्व मिळाले. राजा तिसरा जॉर्ज याने १७८२ मध्ये वर्षाला २०० पौंडांचे मानधन सुरू केले. संगीताच्या मिळकतीपेक्षा ही रक्कम कमी होती, तरीही त्यांनी संगीताचा व्यवसाय सोडला. कुटुंब विंडसरजवळच्या डॅचेट गावी आणि पुढे १७८६ मध्ये स्लाऊ येथे राहावयास गेले. उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी हर्षल इतरांना दुर्बिणी करून विकत राहिले.

आकाश विंचरणारी दोन माणसे

१७८१ च्या अखेरीस एका मित्राने हर्षल यांच्या हाती फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांची यादी दिली. धूमकेतू शोधताना फसवणूक करणाऱ्या शंभराहून थोड्या अधिक धूसर ठिपक्यांची ती नोंद होती. मेसिए यांना त्यांतील अनेक ठिपक्यांत तारे दिसले नव्हते. हर्षल यांनी आपली मोठी दुर्बीण त्यांच्याकडे वळवली, तेव्हा कित्येक ठिपके असंख्य ताऱ्यांत विभागले गेले. चेंडूसारख्या दाटीवाटीने जमलेल्या या समूहांना गोलाकार तारकागुच्छ ही संज्ञा त्यांनीच १७८९ मध्ये रूढ केली. त्यांनी काम सुरू केले तेव्हा असे तेहतीसच्या आसपास गुच्छ ज्ञात होते. त्यांच्या शोधकार्याने ही संख्या सुमारे सत्तरवर गेली.

२३ ऑक्टोबर १७८३ पासून वीस फूट लांबीच्या आणि सुमारे पावणेएकोणीस इंच आरशाच्या दुर्बिणीने त्यांनी आकाशाची पद्धतशीर झाडाझडती सुरू केली. दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेवर स्थिर ठेवायची, दोरखंडांनी ती थोडी वर-खाली हलवायची आणि पृथ्वीच्या परिवलनाने आकाशाचा पट्टा समोरून सरकू द्यायचा, अशी ही रीत होती. हर्षल उंच मचाणावर उभे राहून दिसेल ते ओरडून सांगत. कॅरोलिन घड्याळ, तारासूची आणि दिव्यासह टेबलापाशी बसून वेळ आणि स्थान लिहून घेई. डोळ्यांची अंधाराला झालेली सवय मोडू नये म्हणून पाहणाऱ्याने लिहायचे नाही, असा दंडक होता. हिवाळ्यात दौतीतील शाई गोठत असे. १७८३ च्या शेवटच्या रात्री, बर्फाने झाकलेल्या जमिनीवर घाईने चालताना कॅरोलिन घसरली आणि यंत्राचा लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर मांडीत घुसला. काही आठवड्यांतच ती पुन्हा कामावर रुजू झाली.

या दोघांच्या श्रमांतून १७८६, १७८९ आणि १८०२ अशा तीन टप्प्यांत सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची सूची प्रसिद्ध झाली. कॅरोलिनने स्वतंत्रपणे आठ धूमकेतू आणि काही तारकागुच्छही शोधले. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड वेतन मिळू लागले.

क्षितिजालगतची नोंद

२४ जून १७८४ च्या रात्री डॅचेट येथून केलेल्या झाडणीत हर्षल यांना धनू राशीत एकमेकांजवळ दोन अंधूक ठिपके आढळले. आज ते एनजीसी ६५२२ आणि एनजीसी ६५२८ या क्रमांकांनी ओळखले जातात. पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकेच अंतर त्यांच्यामध्ये आहे. ही रात्र निरीक्षणासाठी मुळीच अनुकूल नव्हती. जूनच्या अखेरीस त्या अक्षांशावर मध्यरात्रीही संधिप्रकाश पूर्णपणे सरत नाही. शिवाय हे ठिपके क्षितिजापासून नऊ अंशही वर येत नाहीत. वीस फुटी नळी जवळजवळ आडवी करून, हवेच्या सर्वांत जाड थरातून त्यांनी ही जोडी टिपली. आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या उंबरठ्यावर पाहत आहोत, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. सूचीतील शेकडो नोंदींपैकी त्या दोन नोंदी होत्या, इतकेच.

वृश्चिक आणि भुजंगधारी या तारकासमूहांच्या सीमेवर त्यांना आणखी एक चमत्कारिक दृश्य दिसले. ताऱ्यांनी भरलेल्या प्रदेशात एकाएकी तारेच नसलेली काळी पोकळी होती आणि तिच्या कडेला एक दाट तारकागुच्छ होता. गुच्छाने आसपासचे तारे ओढून घेतल्यामुळे ती जागा रिकामी झाली असावी, असा तर्क त्यांनी बांधला. ती पोकळी नसून धुळीचा पडदा आहे, हे कळण्यास पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत लागली. कॅरोलिन मात्र ती जागा विसरली नाही. दक्षिण गोलार्धातून निरीक्षण करण्यासाठी भाचा जॉन आफ्रिकेच्या टोकाला गेला, तेव्हा वृश्चिकाचा तो भाग नीट तपासण्याची आठवण तिने पत्रांतून त्याला करून दिली. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती.

चुकलेला नकाशा

हर्षल यांची मोठी महत्त्वाकांक्षा आकाशगंगेचा आकार ठरवण्याची होती. आकाशाच्या ६८३ भागांतील तारे मोजून त्यांनी १७८५ मध्ये तिचा छेद रेखाटला. तारे सर्वत्र सारख्या अंतराने विखुरलेले आहेत आणि दुर्बीण आकाशगंगेच्या कडेपर्यंत पाहू शकते, ही दोन गृहीतके त्यामागे होती. या हिशेबाने सूर्य आकाशगंगेच्या जवळपास मध्यभागी आला. आकृती चपट्या, कडेला फाटलेल्या तबकडीसारखी होती.

चपटेपणाचा निष्कर्ष बरोबर होता. सूर्याचे स्थान मात्र चुकले. धुळीमुळे दृष्टी सर्वच दिशांना थोड्याच अंतरावर अडते आणि त्यामुळे पाहणारा स्वतःला मध्यभागी समजतो. दाट धुक्यात मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला चहूकडे सारखेच अंतर दिसते, तसा हा प्रकार होता. १७८९ मध्ये पूर्ण झालेल्या चाळीस फुटी दुर्बिणीतून अधिक तारे दिसू लागले, तेव्हा कडेपर्यंत आपली दृष्टी पोहोचली नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. गुच्छांच्या अभ्यासाने ताऱ्यांचे वाटप समान नसल्याचेही पटले. उतारवयात प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी आपली मूळ गृहीतके मागे घेतली आणि आकाशगंगेचा थांग आपल्या साधनांनी लागत नसल्याचे मान्य केले. तीस वर्षांच्या कामाचा पाया स्वतःच्या हाताने काढून घेणे कोणत्याही संशोधकाला सोपे नसते.

चाळीस फुटी दुर्बिणीसाठी राजाने एकूण ४,००० पौंड दिले होते. तिचा चार फुटी आरसा जड होता आणि लवकर काळवंडत असे. शनीचे एन्सेलाडस आणि मायमास हे उपग्रह त्याच काळात सापडले. तरी दैनंदिन कामासाठी हर्षल यांनी जुनी वीस फुटी दुर्बीणच वापरली.

न दिसणारे किरण

१८०० मध्ये सूर्याचे निरीक्षण करण्यासाठी रंगीत काचा निवडताना काही काचांतून उष्णता अधिक आणि काहींतून कमी येत असल्याचे हर्षल यांना जाणवले. त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना तापमान चढत गेले. नंतर त्यांनी तापमापक तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला. पारा आणखी वर चढला. दृश्य प्रकाशाच्या पलीकडे किरण असतात, याचा हा पहिला पुरावा होता. आज त्यांना अवरक्त किरण म्हणतात.

हे किरण आणि प्रकाश एकाच जातीचे आहेत का, याविषयी ते स्वतः डळमळीत राहिले आणि शेवटी भिन्नतेच्या बाजूने झुकले. आकाशातील काळ्या पोकळीचा या किरणांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्याही मनात येण्याचे कारण नव्हते.

१७८८ मध्ये हर्षल यांनी मेरी पिट यांच्याशी विवाह केला. १७९२ मध्ये पुत्र जॉनचा जन्म झाला. १८१६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि पुढे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी झालेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. चौऱ्याऐंशी वर्षांना त्यांना तीन महिनेही कमी होते. त्यांनी शोधलेल्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास जवळपास तेवढाच काळ लागतो. भावाच्या मृत्यूनंतर कॅरोलिन हॅनोवरला परतली आणि अडीच हजार वस्तूंची नव्याने मांडणी करून तिने ती पुतण्याच्या हाती दिली. त्यासाठी १८२८ मध्ये तिला संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. १८४८ मध्ये वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी तिचे निधन झाले.

भारताशी जोडलेली तिसरी पिढी

जॉन हर्षल यांनी वडिलांची सूची दक्षिण आकाशापर्यंत वाढवली. त्यांचे दोन पुत्र भारतात आले. विल्यम जेम्स हर्षल यांनी बंगालमध्ये मुलकी अधिकारी असताना १८५८ मध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला आणि बोटांच्या ठशांनी ओळख पटवण्याच्या पद्धतीचा पाया घातला. दुसरे, जॉन हर्षल, हे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात अभियंते होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ ठोकला आणि सूर्याच्या ज्वाळा तप्त वायूच्या असल्याचे वर्णपटातून पाहिले. त्याच काळात रॉयल सोसायटीने दिलेल्या उपकरणाने त्यांनी भारतातून दक्षिणेकडील तेजोमेघांचेही वर्णपट तपासले. आजोबांनी क्षितिजालगत शोधलेले आकाश नातवाला येथे पुरेसे उंचावर मिळाले.

नोंदींनी दाखवलेली वाट

१९१८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांची अंतरे मांडली. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे नसून धनू राशीच्या बाजूला दाटलेले आहेत, हे त्यांनी दाखवले. म्हणजेच आकाशगंगेचे केंद्र तिकडे असून सूर्य त्यापासून फार दूर आहे. आज हे अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षे मानले जाते. धुळीचा परिणाम न धरल्याने शॅप्ली यांचे अंतर फुगलेले होते. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधल्या धुळीचे अस्तित्व सिद्ध केले, तेव्हा हा गोंधळ निवळू लागला.

१९४० च्या दशकात वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून धुळीच्या पडद्यातील फट शोधली. केंद्राजवळच्या ताऱ्यांपर्यंत दृष्टी पोहोचेल अशी ती जागा नेमकी एनजीसी ६५२२ च्या भोवती होती. हर्षल यांनी जूनच्या उजळ रात्री नोंदवलेल्या ठिपक्याच्या आधारे आकाशगंगेच्या गाभ्याचा प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला. आज तो भाग बाडे यांची खिडकी या नावाने ओळखला जातो. या गुच्छाचे वय सुमारे १२ अब्ज वर्षे असून तो आकाशगंगेतील सर्वांत जुन्या गुच्छांपैकी एक मानला जातो.

खिडकीबाहेरचे गुच्छ मात्र लपूनच राहिले. केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाख कोटींतला एकच कण पृथ्वीवर पोहोचतो. लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना धूळ कमी अडवते. त्यांचा साधारण दहावा हिस्सा पार होतो. त्यामुळे अवरक्त दुर्बिणी आल्यानंतर धुळीमागचे गुच्छ एकामागून एक उघड झाले. टू मास या सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत २००० मध्ये दोन गोलाकार गुच्छ सापडले, २००४ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने आणखी एक दाखवला आणि चिलीतील व्हिस्टा दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून २०११ मध्ये नवी भर पडली. आज आकाशगंगेतील गोलाकार गुच्छांची ज्ञात संख्या दीडशेहून अधिक आहे. २००९ मध्ये युरोपने अवकाशात पाठवलेल्या साडेतीन मीटर आरशाच्या अवरक्त दुर्बिणीला हर्षल हेच नाव देण्यात आले.

जबलपूर परिसरातील हौशी निरीक्षकांना ही जोडी शोधणे अवघड नाही. धनू राशीतील चहाच्या किटलीसारख्या आकृतीच्या चोचीवरील गॅमा सॅजिटॅरी या ताऱ्यापासून एनजीसी ६५२२ एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर, लहान दुर्बिणीतून तो धुरकट ठिपका म्हणून दिसतो. दिव्यांचा झगमगाट दरवर्षी वाढत असताना, हर्षल यांना कधीच न लाभलेली ही उंची आणि हा काळोख मध्य भारतातील गावांना अजूनही उपलब्ध आहे.